डिपॉझिट म्हणजे मालकाची कमाई नव्हे!

पुण्यात नऊ वर्षं भाड्याने राहिलो, आता स्वतःचा फ्लॅट भाड्याने देतो. भांडण होतं ते घर सोडताना, डिपॉझिटवरून. माझेही एकदा 'रंगकामाचे' म्हणून आठ हजार कापले. भिंतीला ओल आधीपासूनची होती, पण पुरावा कुठे?

म्हणून आता चावी देतानाच भाडेकरूसोबत घरभर फिरतो, फोटो काढून दोघांच्याही मोबाईलमध्ये ठेवतो. करार रजिस्टर करतोच. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात, कलम ५५ नुसार, ती जबाबदारी मालकाचीच आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात.

मालकांनो, हजारभर वाढीपायी चांगला माणूस घालवू नका. रिकामं घर जास्त महाग पडतं. भाडेकरूंनो, गळका नळ आजच कळवा. पटतंय का?