चिमणीवरची कडी आणि गावाजवळची भट्टी

हातकाम : साप्ताहिक स्तंभ
वरवट बकाल

बाजाराच्या दिवशी वरवट बकालमध्ये कासाराच्या गाडीपाशी गर्दी असते. हात दाबून, बोटं जुळवून बांगड्या चढवताना एखादी तडकतेच. तिला ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. पूर्वी ते तुकडे वाया जात नसत. मुली ते वेचून न्यायच्या, दुपारी ओसरीवर त्यांचा काचापाणीचा खेळ रंगायचा आणि संध्याकाळी घरात रॉकेलची चिमणी लागली की दुसराच उद्योग सुरू व्हायचा. तुकड्याचं एक टोक चिमट्यात धरायचं, मधला भाग ज्योतीवर. काच आधी काजळते, मग लालसर होते, मग मेणासारखी नरमते. त्याच क्षणी दोन्ही टोकं जुळवली की कडी तयार. तिच्यात दुसरी कडी, दुसरीत तिसरी. हातभर साखळी झाली की देव्हाऱ्याला हिरव्या-लाल काचेचं तोरण लागायचं.

ज्योतीवर काच वाकवण्याच्या या कामाला जगात ‘लॅम्पवर्क’ म्हणतात. त्याचे अभ्यासक्रम आहेत, आणि त्यातून घडलेली शिल्पं संग्रहालयांत मांडलेली असतात. वऱ्हाडातल्या कितीतरी आज्यांनी ते कुणी न शिकवता केलं. मग त्यांच्या नातवंडांतून काचेचे शिल्पकार का निघाले नाहीत? बोटांत कसब कमी होतं म्हणून नाही. चिमणीच्या पुढची भट्टी त्यांना कधी दिसलीच नाही म्हणून.

आणि हा बुलढाणा जिल्हा काचेला परका नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला लोणार आहे. सुमारे पावणेसहा लाख वर्षांपूर्वी तिथे उल्का आदळली आणि 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर पडलं. त्या धगीत दख्खनचा काळा पाषाण वितळला, उडाला आणि हवेतच थिजला. विवराभोवतीच्या मातीत आजही काळसर काचेचे थेंब सापडतात. चंद्रावरून आणलेल्या काचेशी त्यांची तुलना करून शास्त्रज्ञांनी ते अभ्यासले आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची नोंद केली, तेव्हा लोणारच्या परिसरात काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं, हे आवर्जून लिहिलं. कारण सरोवराच्या पाण्यातला खार. वाळू वितळायला फार मोठी आच लागते. सोडा मिसळला की ती खूप कमी आचेवर वितळते. वाळू, सोडा आणि चुना, एवढाच काचेचा शिधा. त्यातला सोडा निसर्गाने बुलढाण्यात ठेवला होता.

मराठी माणसाने काच मनावर घेतली ती स्वदेशीच्या काळात. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागत पैसा फंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला बळ दिलं, आणि त्या पैशांतून 1908 साली तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना निघाला. जपान आणि अमेरिकेत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथले तज्ज्ञ. माल काढण्याइतकंच माणसं शिकवण्याला तिथे महत्त्व होतं. तळेगावात शिकलेली माणसं पुढे देशभरच्या काच कारखान्यांत गेली. 1916 मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना उभा राहिला, त्याच्या नावाने ओगलेवाडी वसली आणि ‘प्रभाकर’ कंदील घराघरांत पोचला. लोकांच्या पैशावर उभी राहिलेली आणि लोकांना शिकवणारी तळेगावची भट्टी ही या राज्याची मोठी ठेव आहे. तिची आठवण फक्त स्वदेशीच्या धड्यात कोंडून ठेवणं बरोबर नाही.

हे कारखाने कंदिलाच्या काचा करत होते, शिल्पं नाही. पण त्यात त्यांना उणं ठरवायचं कारण नाही, कारण तेव्हा जगभर बहुतेक ठिकाणी चित्र तेच होतं. चित्रकार कागदावर नक्षी काढायचा आणि कारखान्यातला कारागीर ती काचेत उतरवायचा. कलावंताने काच फुगवायची फुंकणी स्वतः हातात धरावी अशी छोटी भट्टी जवळजवळ कुठेच नव्हती.

ती 1962 मध्ये झाली. अमेरिकेत टोलीडोच्या कलासंग्रहालयाच्या आवारातल्या एका गॅरेजमध्ये हार्वी लिटलटन या कुंभारकाम शिकवणाऱ्या प्राध्यापकाने छोटी भट्टी रचली. लिटलटनच्या घरात काच पहिल्यापासून होती. त्यांचे वडील कॉर्निंग काच कंपनीत शास्त्रज्ञ होते, आणि 1913 मध्ये त्यांच्या आईने बॅटरीच्या काचेच्या भांड्याचा बुडखा कापून त्यात केक भाजला होता. पायरेक्सच्या भांड्यांची गोष्ट तिथून सुरू होते. टोलीडोत पहिल्या दिवसांत काच नीट वितळेना. मग डॉमिनिक लबिनो हा काच उद्योगातला जाणकार मदतीला आला. त्याने सहज वितळणाऱ्या काचेच्या गोट्या दिल्या, भट्टीची रचना सुधारून दिली आणि काम मार्गी लागलं. लिटलटन यांनी पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठात काचेचे वर्ग सुरू केले.

त्या वर्गातून निघालेला सर्वांत गाजलेला विद्यार्थी म्हणजे डेल चिहुली. 1941 मध्ये टॅकोमा इथे जन्म. आधी विणकामात काच गुंफण्याचे प्रयोग, मग लिटलटन यांच्याकडे शिक्षण, 1968 मध्ये व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर वेनिनीच्या कारखान्यात उमेदवारी. तिथे त्यांनी काचेचं काम टोळीने होताना पाहिलं. एक फुंकतो, एक फिरवतो, एक आच राखतो. 1971 मध्ये त्यांनी सिॲटलच्या उत्तरेला जंगलात सोबत्यांसह पिलचक काचशाळा काढली. 1976 मध्ये इंग्लंडात मोटार अपघात झाला, गाडीची समोरची काच फोडून ते बाहेर फेकले गेले आणि डावा डोळा गेला. तीन वर्षांनी समुद्रात खेळताना खांदा निखळला आणि जड फुंकणी पेलणं थांबलं.

दुसरा कुणी काम सोडून बसला असता. चिहुलींनी फुंकणी सोबत्यांच्या हाती दिली आणि स्वतः कोळशाने, रंगाने मोठमोठी चित्रं काढून टोळीला आकार दाखवू लागले. त्यांची सगळ्यांत भव्य कामं यानंतरची आहेत. 1998 मध्ये लास वेगासच्या एका हॉटेलच्या छताला त्यांनी सुमारे 2,000 काचफुलं टांगली. 1999 मध्ये जेरुसलेमच्या जुन्या किल्ल्यात मांडलेलं प्रदर्शन दहा लाखांहून जास्त लोकांनी पाहिलं. ज्याने स्वतः फुंकलं नाही त्याला शिल्पकार का म्हणायचं, असं काही जण विचारतात. या स्तंभाचं मत स्पष्ट आहे: म्हणायचं. दिंडीत वीणा एकाच्या गळ्यात असते, पण अभंग सगळ्यांच्या टाळांवर चालतो.

पिलचकला 1979 मध्ये लिनो टाल्यापिएत्रा आले, ती घटना चिहुलींच्या या भव्य कामांहूनही मोलाची. 1291 मध्ये व्हेनिसच्या भट्ट्या आगीच्या भीतीने मुरानो बेटावर हलवल्या गेल्या आणि तिथली विद्या शतकानुशतकं बेटाबाहेर जाऊ दिली नव्हती. लिनो 1934 साली मुरानोतच जन्मले, अकराव्या वर्षी भट्टीवर लागले आणि एकविसाव्या वर्षी ‘मेस्त्रो’ झाले. त्यांनी अमेरिकेत जाऊन पोरांना सगळं उघडून शिकवलं. बेटावरच्या अनेकांना ते रुचलं नाही. पण त्यांचा स्वतःचा हातही तिथेच मोकळा झाला आणि कारखान्याचा कुशल मेस्त्री शिल्पकार म्हणून जगभर ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे कितीतरी कसब घराबाहेर न गेल्यामुळे घरातच संपलं. लिनोंची गोष्ट म्हणूनच इथे मनावर घ्यायला हवी.

भारतात सुरुवात झालेली आहे. दिल्लीत रेश्मी डे यांचा ‘ग्लास सूत्र’ स्टुडिओ आहे, तिथे इतरांनाही काच फुंकायला शिकवतात. मुंबईचे वास्तुरचनाकार अर्जुन राठी फुंकलेल्या काचेचे दिवे घडवतात. पण संग्रामपूर किंवा जळगाव जामोदच्या पोराला काच शिकायची हौस वाटली, तर त्याने दिल्लीला राहण्याचा खर्च कुठून आणायचा?

वितळलेल्या काचेची भट्टी रात्रंदिवस पेटती ठेवावी लागते, इंधन खाते, तालुक्याला झेपत नाही, हे मान्य. तशी एक भट्टी राज्याने उभारावी, आणि तळेगाव किंवा ओगलेवाडीइतकी तिच्या हक्काची जागा दुसरी नाही. जिल्ह्याला मात्र विजेवरची छोटी भट्टी पुरे. तीत काच वाहती होत नाही, फक्त नरम होऊन साच्यावर बसते किंवा एकमेकीत मिसळते. आकार कपाटाएवढा. जिल्ह्यातल्या एखाद्या कला महाविद्यालयात किंवा आयटीआयमध्ये ती मावेल, आणि जिल्हा नियोजन समितीने मनावर घेतलं तर पैसाही निघेल. कच्चा माल भंगारवाल्याकडे पडलेलाच आहे. एक पथ्य मात्र पहिल्या दिवशी शिकवावं लागेल: दोन वेगळ्या बाटल्यांची काच एकत्र वितळवायची नाही. दोघी सारख्या आकसत नाहीत आणि थंड होताना तडा जातो.

दुसरं पथ्य सबुरीचं. काच बाहेरून आधी निवते, आत धग राहते, आणि त्या ओढाताणीत ती तडकते. माउंट पालोमारच्या दुर्बिणीचा 200 इंची आरसा डिसेंबर 1934 मध्ये कॉर्निंगला ओतला, तेव्हा त्या सुमारे 20 टनांच्या तबकडीला निववायला जवळजवळ दहा महिने घेतले होते. चिमणीवरची कडी घाईने पाण्यात बुडवली की का तुटायची, त्याचं कारणही हेच.

बाटलीची चपटी ताटली करायला एवढा वेळ लागत नाही. सकाळी बाटली धुऊन, पुसून, भट्टीत आडवी ठेवायची. आच हळूहळू चढवत 780 अंशांच्या आसपास न्यायची; बाटली आपल्याच वजनाने खाली बसते. मग आच 540 च्या घरात आणून तासभर तिथेच धरायची आणि पुढे रात्रभर सावकाश उतरू द्यायची. मधे झाकण उघडायचा मोह होतो, तो आवरायचा. दुसऱ्या दिवशी, भट्टीचं अंग हाताला सोसेल इतकं निवल्यावर, वर्गातल्या सगळ्या पोरापोरींना भोवती बोलवून झाकण उघडायचं.