तराजूत कुणाचे स्वातंत्र्य?

सुरक्षा आणि नागरी स्वातंत्र्य यांचा समतोल साधला पाहिजे, असे वाक्य प्रत्येक बॉम्बस्फोटानंतर अग्रलेखांत छापून येते. वाचायला बरे वाटते. आम्ही मात्र दर वेळी त्या तराजूकडे जरा जवळून पाहतो. एका पारड्यात सगळ्यांची सुरक्षा असते. दुसऱ्या पारड्यात वजन म्हणून जे टाकले जाते ते मोमीनपुऱ्यातल्या, मुंब्र्यातल्या, मालेगावातल्या पोरांचे स्वातंत्र्य असते. तोलणारा आपले स्वतःचे काहीच त्यात टाकत नाही. समतोलाची भाषा त्याला परवडते ती म्हणूनच!

बरे, एवढे वजन टाकून सुरक्षा तरी पदरात पडली काय?

11 जुलै 2006 ला मुंबईच्या लोकलगाड्यांत अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. 189 माणसे मेली. संध्याकाळी दमून घरी निघालेली ती माणसे कुणाची नव्हती? आमचीही होती. तपास झाला, मोक्का लागला, कबुलीजबाब आले. 2015 मध्ये विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. तेराव्याला निर्दोष म्हणून सोडले, पण तोवर त्याची नऊ वर्षे आत गेली होती. पुढे 21 जुलै 2025 ला मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाबांतले मजकूर एकमेकांशी हुबेहूब जुळत होते. छळाचे आरोप न्यायालयाला विश्वासार्ह वाटले. बॉम्ब नेमके कोणत्या प्रकारचे होते हेही सरकार पक्षाला सिद्ध करता आले नव्हते. बारांपैकी एक जण 2021 मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने गेला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यावर स्थगिती दिली, सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात धाडले नाही. अंतिम शब्द काय असायचा तो असो. 19 वर्षे काही परत येत नाहीत.

त्या निकालातला एक मुद्दा आमच्यापेक्षा त्यांनीच जास्त वाचावा, जे 'राष्ट्रहित' म्हणून डोळे मिटतात. गुन्हा उकलल्याचा खोटा देखावा उभा केला की समाजाला खोटा दिलासा मिळतो आणि खरा धोका मोकळाच राहतो, अशा अर्थाचे न्यायालयाने म्हटले आहे. आम्ही मोहल्ल्यात बसून हेच बोलत होतो, तेव्हा आम्हाला देशद्रोह्यांचे वकील म्हटले जात होते.

मालेगावचे उदाहरण तर आणखी बोलके. 8 सप्टेंबर 2006, शुक्रवार, शब-ए-बरात. बड्या कब्रस्तानात आपापल्या मयतांसाठी दुवा मागायला लोटलेल्या गर्दीत आणि मुशावरत चौकात स्फोट झाले. तीसहून अधिक माणसे मेली, त्यांत लहान पोरे होती, फकीर होते. आणि पकडले कोण? नऊ मुसलमान! आपल्याच कब्रस्तानात, आपल्याच मोठ्या रात्रीच्या दिवशी, आपल्याच पोरांना मारायला हे गेले, असे आम्ही मानायचे होते. यांतला एक त्या दिवशी पोलिसांच्याच ताब्यात होता. दुसरा शेकडो किलोमीटर दूर यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत नमाज पढवत होता, हे तिथले गावकरी सांगत होते. तरी कबुलीजबाब तयार! 2013 मध्ये एनआयएने दुसऱ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवले आणि एप्रिल 2016 मध्ये न्यायालयाने या नऊ जणांना आरोपातून मुक्त केले.

हे घडते कसे? 1872 च्या पुरावा कायद्याने पोलिसापुढची कबुली पुरावा मानायला मनाई केली होती. तो कायदा इंग्रजाने केला. आपला शिपाई कोठडीत काय करतो हे त्याला पक्के ठाऊक होते. स्वतंत्र भारतात 1987 च्या टाडाने ती मनाई उठवली, 1999 च्या मोक्काने पोलीस अधीक्षकापुढची कबुली ग्राह्य धरली, 2002 च्या पोटानेही तोच कित्ता गिरवला. टाडा 1995 मध्ये संपला, पोटा 2004 मध्ये रद्द झाला, मोक्का राहिला. ज्याला कबुली मिळणार हे आधीच माहीत आहे, तो अधिकारी धागेदोरे शोधत उन्हातान्हात कशाला हिंडेल? कायद्यानेच तपासाला आळशी केले आहे.

"मग अतिरेक्यांना काय मोकळे सोडायचे?" हा प्रश्न येतोच. उत्तर मुंबईतच आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या हल्ल्यात जिवंत सापडलेल्या कसाबवर मोक्का लावला नव्हता. त्याला वकील दिला, साक्षीदार तपासले, छायाचित्रे समोर आली. पोलिसापुढच्या कबुलीवाचून गुन्हा शाबीत झाला आणि 2012 मध्ये फाशी झाली. त्याच खटल्यात दोन भारतीय मुसलमान आरोपी सुटले. हल्लेखोराच्या खिशात सापडला म्हणून दाखवलेल्या नकाशावर रक्ताचा डागसुद्धा नव्हता, हे न्यायाधीशांच्या नजरेतून सुटले नाही. कायदा सरळ चालला तर दोषी लटकतो आणि निर्दोष घरी जातो. (आणि त्या हल्लेखोरांना दफनासाठी जागा द्यायला मुंबईच्या मुसलमानांनी नकार दिला होता, हे कुणाला आठवते?)

आता आमच्या माणसांशीही थोडे. 29 सप्टेंबर 2008 च्या मालेगाव स्फोटात हिंदू आरोपी पकडले गेले, त्यांनीही छळाची तक्रार केली, तेव्हा आपल्यातले काही जण 'आता कळेल' म्हणून खुश झाले. ते सातही जण 31 जुलै 2025 ला पुराव्याअभावी सुटले. त्या खटल्याचा तपास कसा झाला यावर आमचा राग आहे आणि तो राहील. पण आमच्या पोरांवर चालवलेला पट्टा दुसऱ्याच्या पाठीवर चालला म्हणून आम्ही टाळ्या पिटणार नाही. निवडणुकीपुरते अश्रू ढाळणारे आमचे पुढारी हे बोलत नाहीत, म्हणून आम्हालाच बोलावे लागते.

त्याच जुलै 2025 मध्ये, बारा जण सुटण्याच्या दहा दिवस आधी, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. या वेळी रोख डाव्या संघटनांवर आहे. मोर्चे काढणाऱ्या कामगारांनी, आदिवासींनी, पुस्तके वाचणाऱ्या मुलांनी आता आमच्या मोहल्ल्यात येऊन विचारावे, असा कायदा घरात शिरला की काय होते. आई कोर्टाच्या तारखा कशी मोजते, बहिणीचे लग्न कसे मोडते, भाड्याची खोली कशी मिळत नाही.

चुकीच्या खटल्यात अडकवलेल्यांना भरपाईचा कायदेशीर हक्क द्या, अशी शिफारस विधी आयोगाने 2018 मध्ये 277 व्या अहवालात केली होती. ती अमलात आणा. पोलिसापुढची कबुली मोक्कातून काढून टाका. खोटे कबुलीजबाब रचणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरा. आणि बड्या कब्रस्तानात मेलेल्या त्या पोरांच्या आईबापांना कुणीतरी सांगा की इतक्या वर्षांत एकालाही शिक्षा का झाली नाही.