साचा मागू नका

‘रँडम ॲक्सेस मेमरीज’ या 2013च्या अल्बममध्ये यंत्रांपेक्षा हाडामांसाच्या वादकांवर भर देण्याचा ‘डाफ्ट पंक’ या फ्रेंच जोडीचा निर्णय योग्यच होता; त्यावर नाराज झालेल्या चाहत्यांचा आक्षेप आम्हांस मान्य नाही.

‘यावर नाचता येत नाही’ ही तक्रार काही गाण्यांपुरती खरी असेल; पण तो दोष नव्हे. 2005 मध्ये ‘ह्यूमन आफ्टर ऑल’ हा अल्बम आला, तेव्हा याच जोडीवर तेच ते वाजवल्याचा ठपका ठेवला गेला होता. मग वाट बदलली, तर 2001चा ‘डिस्कव्हरी’ अल्बमच पुन्हा हवा झाला. अशा हट्टापुढे कलावंत झुकले, तर नवे काही जन्मालाच येणार नाही. ‘रँडम ॲक्सेस मेमरीज’मधल्या एका गाण्यात संगीतकार जॉर्जिओ मोरोडर स्वतःची कहाणी सांगतात, बोलता बोलता सिंथेसायझरची सुरावट उमलते, पुढे तारवाद्ये आणि ड्रम्स तिला कवेत घेतात. नऊ मिनिटांची ही रचना जुन्या साच्यात मावली नसती.

नापसंतीचा हक्क चाहत्यांना आहेच. मात्र सुमारे 74 मिनिटांचा हा अल्बम सलग ऐकूनच त्यांनी कौल द्यावा. कलावंताकडे उत्तम संगीत जरूर मागावे. कालचेच मागितले, तर उद्याचे हातचे जाईल.