चिठ्ठीतील एक अक्षर

गेल्या पावसाळ्यात एका रात्री नऊच्या सुमारास एका औषधविक्रेत्याचा आम्हांस दूरध्वनी आला. दिवसभराच्या रुग्णतपासणीने आम्ही थकलो होतो. ‘त्रिभुवनकीर्ती’ नेमका किती द्यावयाचा, असे तो विचारीत होता. चिठ्ठीत स्पष्ट लिहिले आहे, असे आम्ही काहीशा त्रासिक स्वरात सांगितले. त्यावर तो नम्रपणे म्हणाला, ‘‘वैद्यराज, २१ पुड्यांना २१ ग्रॅम लागेल. एवढा आजवर कोणी नेला नाही, म्हणून विचारले.’’

आम्ही लिहिले होते ‘१ गुं.’ आणि त्याने वाचले होते ‘१ ग्रॅ.’. एक गुंज म्हणजे सुमारे १२५ मिलिग्रॅम. म्हणजे मात्रा आठपट झाली असती. या कल्पात वत्सनाभ आहे. ओठ-जिभेच्या झिणझिण्यांपासून हृदयगती बिघडण्यापर्यंत पुढे काय घडू शकते, हे वैद्यांस सांगावयास नको. रुग्णावरील संकट टळले ते आमच्या विद्वत्तेमुळे नव्हे, तर त्या विक्रेत्याच्या शंकेमुळे.

विक्रेते परस्पर औषध बदलतात, ही आपली नेहमीची तक्रार आहे व ती निराधार नाही. परंतु केवळ ‘मालिनी वसंत’ लिहिल्यावर लघु द्यावा की सुवर्ण, ‘सूतशेखर’ साधा की सुवर्णयुक्त, हे त्याने कसे ओळखावे? घाईत लिहिलेले ‘त्रिफळा’ व ‘त्रयोदशांग’ गुग्गुळ यांतील भेद तरी त्याला कसा कळावा? आयुर्वेदीय औषधांच्या निर्मितीस परवाना लागतो. विक्रीस मात्र स्वतंत्र परवान्याची अट नाही. त्यामुळे समोरची व्यक्ती प्रशिक्षित फार्मासिस्ट असेलच, असे आपण गृहीत धरू शकत नाही. अशा वेळी आपले अक्षर हेच रुग्णाचे पहिले संरक्षण ठरते.

प्रश्न तातडीच्या वेळीही उभा राहतो. औषध संपलेले, वैद्य परगावी आणि रुग्णाचे नातेवाईक दुकानात उभे. आमच्या मते, ओळखीच्या रुग्णाची पूर्वीची सुवाच्य चिठ्ठी असेल तर सितोपलादी, शतावरी यांसारखी सौम्य औषधे दोन-तीन दिवसांपुरती देण्यास हरकत नसावी. त्याची नोंद मात्र वहीत व्हावी. परंतु वत्सनाभ, धत्तूर, कुपीलू, जयपाल, भल्लातक आदी द्रव्ये १९४५ च्या औषध नियमांतील अनुसूची ‘ई (१)’ मध्ये आहेत. ती असलेल्या पोटात घेण्याच्या तयार औषधांवर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. अशी औषधे वैद्याशी बोलल्यावाचून देऊ नयेत. छातीत वेदना वा धाप असलेल्या रुग्णास तर पुडी न देता रुग्णालयाचा रस्ता दाखवावा. तेथे ‘देत नाही’ म्हणणे हीच खरी सेवा होय.

ही अपेक्षा रास्त ठरण्यासाठी आपणही काही पथ्ये पाळावयास हवीत. कल्पाचे पूर्ण नाव, मिलिग्रॅममध्ये मात्रा, अनुपान, एकूण प्रमाण, दिनांक आणि लागणारा दूरध्वनी क्रमांक ही प्रत्येक चिठ्ठीवर असावीत. आणि विक्रेत्याने शंका विचारली तर तो आपला अपमान मानू नये.

त्या रात्री आभार मानावयाचे राहून गेले होते. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन आम्ही ते मानले. तेव्हापासून आम्ही ‘गुंज’ हा शब्द पूर्ण लिहितो आणि शेजारी मिलिग्रॅमही लिहितो. या कामाला अर्धे मिनिट अधिक लागते, इतकेच.