उज्जैनला झाले, मग कुठ्ठाळीला का नको?

हल्ली आमच्याकडे लग्नाची पंगत असो, देवळाचा चौक असो की नाटकाच्या मध्यंतरातला चहा असो, एक वाक्य हमखास कानावर पडते. "उज्जैनला झालं, काशीला झालं, मग आमच्या गोव्यातच का होऊ नये?" बोलणारा बहुधा शिकलासवरलेला, मराठी वाचणारा, म्हणजे तुमच्या-माझ्यातलाच असतो. पुढचे वाक्यही ठरलेले. "कुठ्ठाळीला मंगेशाची मूळ जागा आहे, सांकवाळला विजयादुर्गेची आहे. आता नाही तर कधी?"

या वाक्याशी माझे भांडण आहे. गेल्या श्रावणात मी उज्जैनला जाऊन आलो, आणि तिथून आल्यावर ते अधिकच वाढले आहे.

आधी उज्जैनला नेमके काय झाले ते पाहू. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी 'महाकाल लोक'चे उद्घाटन झाले. नऊशे मीटरहून लांब मार्ग, १०८ खांब, रांगेने पौराणिक शिल्पे, रात्री रंगीत दिवे. सगळ्या टप्प्यांचा मिळून खर्च साडेआठशे कोटींच्या आसपास. त्यानंतर आठ महिनेही झाले नव्हते, तोवर २८ मे २०२३ ला वादळी वारा सुटला आणि सप्तर्षींच्या सात पुतळ्यांपैकी सहा आडवे झाले. ते फायबरचे होते. त्याच वर्षीच्या जुलैपासून सर्वसामान्य भाविकाला गाभारा बंद झाला. घाई असेल त्याने अडीचशे रुपये भरून शीघ्रदर्शन घ्यावे, बाकीच्यांनी लांबून हात जोडावेत. जानेवारी २०२५ मध्ये देवळामागची निजामुद्दीन कॉलनी, अडीचशेच्या आसपास घरे आणि तिथली तकिया मशीद, विस्तारासाठी पाडली गेली. भरपाई दिली हे खरे. पण वस्ती गेली हेही खरे. २०२८ च्या सिंहस्थासाठी गावोगावची शेतजमीन कायमची घेण्याची योजना आली, तेव्हा मात्र शेतकरी उठले आणि २०२५ च्या अखेरीस सरकारला ती मागे घ्यावी लागली. शेतकरी म्हणजे कोण? महाकालाचेच भक्त.

देऊळ कोण चालवते हाही प्रश्न आहे. महाकालेश्वराचा कारभार १९८२ च्या कायद्याने नेमलेल्या समितीकडे आहे आणि तिच्या डोक्यावर जिल्हाधिकारी बसतो. आमच्याकडे म्हाजन आहेत, १९३३ चा पोर्तुगीज काळातला देवस्थान कायदा आहे, भांडणे आहेत, कोर्टकज्जे तर विचारूच नका. पण पालखी कोणी उचलायची हे आमच्याकडे कलेक्टर ठरवत नाही. उज्जैनचा नमुना मागणाऱ्यांनी सोबत कलेक्टरही मागितला आहे, हे त्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही.

आता मुद्द्यावर येतो. स्कंदपुराणाच्या अवंतिखंडात उज्जैनची जी जुनी नावे आहेत, त्यांत एक कुशस्थली आहे. आणि आमची कुठ्ठाळी म्हणजेही कुशस्थळी. एक शिप्रेच्या काठी, एक झुआरीच्या म्हणजे अघनाशिनीच्या काठी. नुसता नावाचा योगायोग म्हणून मी हे सोडून दिले असते, पण या दोन कुशस्थळींना जोडणारा एक हाडामांसाचा माणूस आहे. रामचंद्र मल्हार सुखटणकर, म्हणजे इतिहासातले रामचंद्रबाबा शेणवी. राणोजी शिंद्यांचे दिवाण. अल्तमशाने तेराव्या शतकात पाडलेले महाकालाचे देऊळ १७३० च्या दशकात पुन्हा उभे केले ते यांनी. आज कॉरिडॉरमधून जाणाऱ्या हजारांपैकी किती जणांना त्यांचे नाव ठाऊक असेल, देव जाणे.

आमच्या 'आता नाही तर कधी'वाल्यांना मात्र हे नाव ठाऊक असते, आणि ते छाती फुगवून सांगतात की बघा, आपल्या गोमंतकीय दैवताच्या भक्ताने उज्जैनला काय केले! बरोबर. पण गोष्ट ते अर्धीच सांगतात. याच रामचंद्रबाबांनी १७३९ साली पेशव्यांकडे शब्द टाकला आणि मंगेशी गाव मंगेशाच्या देवस्थानाला इनाम मिळाला. गाव कुठला? अंत्रुजातला, प्रियोळच्या भागातला. कुठ्ठाळी नव्हे. त्याच साली मराठ्यांनी वसई जिंकली होती, त्यांच्या फौजा साष्टीतही शिरल्या होत्या. मराठी सत्तेचा इतका जोर गोव्याच्या पोर्तुगीजांनी आधी फार कमी वेळा पाहिला असेल. अशा वेळी मंगेशाच्या या निस्सीम भक्ताने देवाला जिथे लोक सेवा करत होते तिथेच तेल-वातीची सोय लावली. त्यांच्या मनात काय होते ते मला सांगता येणार नाही. त्यांनी केले काय, एवढे कागदावर आहे.

आणि ते समजण्यासारखे आहे. १५६० साली कौंडिण्य आणि वत्स गोत्राच्या लोकांनी कुठ्ठाळीहून लिंग उचलले आणि नदीपार अंत्रुजात नेले. साष्टीतली देवळे पाडण्याची मोहीम १५६७ ची, म्हणजे देव त्याआधीच हलला होता. १७३९ पर्यंत पावणेदोनशे वर्षे झाली होती. पुजारी, वाजंत्री, पालखीचे मानकरी, फुले देणारे, समई घासणारे, सगळे प्रियोळला रुजले होते. देऊळ म्हणजे एवढी माणसे. ती सोडून नुसती जागा कवटाळायची, हा विचार अगदी अलीकडचा आहे. तो टीव्हीसमोर बसून सुचतो.

मग कुठ्ठाळीला राहिले कोण? या प्रश्नाकडे आम्ही मराठी वाचणारे कधी सरळ बघतच नाही. देव घेऊन काही कुटुंबे गेली. बाकीचा गाव तिथेच राहिला. ज्यांची शेते खाजनात होती, ज्यांचे पोट नदीवर होते, त्यांना शेत खांद्यावर घेऊन पलीकडे जाता आले नाही. त्यांच्यापुढे पर्याय काय होते ते आपण जाणतो. त्यांची नावे बदलली, देवळाच्या नमशीच्या जमिनी चर्चच्या खर्चाला लागल्या, आणि गावावर संत फिलिप व संत जेम्स यांचे चर्च उभे राहिले. पण गावकारी राहिली, तिची कोमुनिदाद झाली. बांध राहिला, मानस राहिली. भरतीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून मानशीची फळी वेळेवर पडायला हवी, हे कळायला धर्म लागत नाही, चिखलात पाय लागतात. आमचे पूर्वज गेले त्यानंतर सगळ्या पिढ्यांत ती फळी पाडली कोणी? ज्यांना आमची मंडळी एका शब्दात 'बाटगे' म्हणून निकालात काढते त्यांनीच.

आमच्या नदीकाठच्या आणि समुद्रकाठच्या कुठल्याही फिर्गजेचे वर्ष बघा. मे महिन्यात वाड्यावाड्यावरच्या खुरसाकडे लादाइन्य, नंतर उकडलेले चणे आणि थोडी फेणी. जूनच्या २४ तारखेला सांजांव, डोक्यावर कोपेल, विहिरीत उड्या, जावयाचे कौतुक. पाऊस ओसरत आला की नव्या कणसांचे फेस्त. पाद्रीसायब शेतात जाऊन पहिली कणसे कापतो, ती घराघरात आल्ताराला लागतात. (आमच्या नव्याच्या पुनवेला दारावर लागतात, एवढाच काय तो फरक.) मग गावचे मोठे फेस्त. नऊ दिवसांची नोवेना, आदल्या संध्याकाळी व्हेस्पर, सकाळी फेस्ताचे मीस, ओपमुर्स घातलेली कोंफ्रारियाची माणसे, बांद, फोग, चर्चसमोर खाजे विकणाऱ्यांची रांग आणि रात्री तियात्र. त्या खाज्याच्या दुकानांवर बसलेली माणसे बहुतेक हिंदूच असतात. आमच्या जत्रेतही तीच दुकाने, तीच माणसे. गोव्याचे सामाजिक ऐक्य म्हणून व्याख्याने देणारे पुष्कळ आहेत, ते ऐक्य खरे जगवले आहे खाजेकारांनी.

हे सगळे गोड गोड चित्र म्हणून सांगत नाही. फिर्गजेत जात आहे. काही गावांत कोंफ्रारियाचे दार गावकार नसलेल्याला बंद असते आणि त्यावरून कोर्टापर्यंत भांडणे गेली आहेत. आमच्या म्हाजनकीतही तेच. देव बदलला तरी मानपान बदलला नाही, याबाबतीत दोन्हीकडचे आम्ही सख्खे भाऊ शोभतो.

एकदा कुठ्ठाळीच्या धक्क्यावर तिसऱ्यो विकणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईने मला विचारले, "खंयचे तुमी?" मी म्हटले, "अंत्रुजांतलो. मंगेशेचे वाटेर." ती म्हणाली, "मंगेशेचे? मागीर आमचेच न्हय तुमी!" आणि वाट्यात मूठभर तिसऱ्यो जास्त घातल्या. आमच्या बैठकांतून तिचा उल्लेख होतो तो 'मूळ जागेवर बसलेले लोक' असा.

मुद्दाम 'बसलेले' म्हणतात. जणू रिकामी खुर्ची पाहून कोणी येऊन बसले!

लगेच विचारले जाईल, मग अन्याय विसरायचा का? मुळीच नाही. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसले आणि मधली काही वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत चालले. देवळे पाडली, पोथ्या गेल्या, माणसे देशोधडीला लागली. हे शाळेत शिकवा, पाटी लावा, पुस्तके छापा, चर्चच्या लोकांनीही ते मोकळेपणी म्हणावे. पण याची भरपाई कोणाकडून घेणार? ज्याच्या आजोबाच्या आजोबावर ती सक्ती झाली त्याच्याकडून? जुलूम ज्यांच्यावर सर्वांत जास्त झाला त्यांच्याच दारात आपण वसुलीला उभे राहिलो आहोत.

आणि हे आता नुसते बोलणे राहिलेले नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पात गोवा सरकारने पोर्तुगीजांनी पाडलेल्या देवळांच्या पुनर्उभारणीसाठी २० कोटी रुपये ठेवले. समिती नेमली गेली, आणि जागा शोधणे कठीण म्हणून एकच स्मारक-मंदिर उभारावे अशी शिफारस पुढे आली. दुसरीकडे सांकवाळला जुन्या चर्चची नुसती दर्शनी भिंत उरली आहे. १८३४ साली ते चर्च जळाले. त्या भिंतीच्या जागेवरून गेली काही वर्षे वाद धुमसतो आहे. सांकवाळ म्हणजे संत जुझे वाझ यांच्या वडिलांचा गाव. दर १६ जानेवारीला तिथे त्यांचे फेस्त होते, हजारो माणसे येतात. २०१५ साली ते संत झाले तेव्हा गोव्यातल्या मराठी वर्तमानपत्रांनीही मोठे मथळे दिले होते. आज त्याच फेस्ताच्या बातमीत पोलीस बंदोबस्ताचा उल्लेख येऊ लागला, तर त्याला प्रगती म्हणायचे काय? विजयादुर्गा केरीला आहे, नरसिंह वेलिंगेला आहे, दोघांच्या जत्रा दणक्यात होतात. देव उपाशी नाही. उपाशी आहे ती आमची मिजास.

गंमत अशी की दोन्ही गावांचा खरा घास घेणारा तिसराच आहे, आणि त्याच्याविषयी या बैठकांत चकार शब्द निघत नाही. महामार्ग रुंद झाला, २०२२ च्या डिसेंबरात झुआरीवर नवा पूल खुला झाला, आणि डोंगर कापून इमारती चढल्या. खाजनात भराव पडतो. चिखलीच्या खाडीतल्या शिंपल्या कमी होत चालल्या. फिर्गजेतली तरणी पोरे पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडला जातात, म्हाजनांची पोरे पुण्या-बंगळुरूला. उद्या फेस्ताला प्रेजिदेंत मिळणार नाही आणि पालखीला खांदा मिळणार नाही. तेव्हा कॉरिडॉरमधून कोण चालणार? पर्यटक.

उज्जैनमध्ये मला खरोखर भावले ते वेगळेच. हरसिद्धीसमोरच्या दोन दीपमाळा पाहून मंगेशीचीच आठवण झाली. त्या मराठ्यांच्या काळातल्या. महाकालाची सवारी श्रावणातल्या सोमवारी निघते, पण उत्तरेतला श्रावण संपल्यावरही ती भाद्रपदाच्या वद्य पक्षात निघत राहते. कारण आपल्या मराठी पंचांगात तो श्रावणच असतो! शिंदेशाही जाऊन किती काळ लोटला, तरी तिथल्या लोकांनी आपला श्रावण आणि आपल्या पाहुण्यांचा श्रावण, दोन्ही जपले. कोणी समिती नेमली नाही, कोटी मंजूर केले नाहीत. शिंद्यांबरोबर आलेल्या एका मराठी घरातल्या आजोबांना मी विचारले, पूर्वी सवारी कशी असायची? ते म्हणाले, "पूर्वी आमच्या ओट्यावरून देव दिसायचा. आता बॅरिकेडवरून पोलीस दिसतो."

ते २० कोटी खर्चायचेच असतील तर माझी मागणी साधी आहे. साष्टी-मुरगावातल्या मोडक्या मानशी दुरुस्त करा. देवस्थानांची आणि कोमुनिदादींची वाळवी लागलेली कागदपत्रे वाचवा, त्यांत देवळांचाही इतिहास आहे आणि फिर्गजेचाही. आणि आमच्या मंडळींना एक विनंती. फिलिप-जेम्सचा सण रोमन पंचांगात ३ मेला असतो, त्या सुमारास कुठ्ठाळीला जा. पुलावरून नको. मडकईहून फेरीबोट धरा, कुशस्थळीचा देव ज्या नदीवरून इकडे आला त्याच नदीवरून उलटे जा. दहाएक मिनिटांची वाट आहे. खाजे सकाळी घ्या, दुपारनंतर मऊ पडते.