हीथक्लिफ पुरे, हेअरटनबद्दल बोला

"हीथक्लिफ म्हणजे प्रेमाची परिसीमा" असं यापुढे माझ्यासमोर कुणी म्हटलं, की मी त्या व्यक्तीला 'वुदरिंग हाइट्स'ची सतरा ते चौतीस ही प्रकरणं तोंडी विचारणार आहे. अठरा प्रकरणं होतात ही. चौतीसपैकी अठरा, म्हणजे निम्म्याहून जास्त पुस्तक. कॅथरीन सोळाव्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच मुलीला जन्म देऊन दोन तासांत मरते, आणि बहुतेकांच्या आठवणीतली कादंबरीही तिथेच मरते. उरतं काय, तर वारा, माळरान, खिडकीवरचं भूत आणि "काय प्रेम होतं हो!"

२००७ साली ब्रिटनमध्ये एका वाहिनीनं वाचकांचा कौल घेतला होता, सर्वांत थोर प्रेमकथा कोणती म्हणून. पहिला नंबर 'वुदरिंग हाइट्स'चा. पुढे 'ट्वायलाइट'च्या नायिकेचं हे आवडतं पुस्तक म्हटल्यावर तिच्या वयाच्या मुलींसाठी त्याची काळ्या वेष्टनातली नवी आवृत्तीही निघाली. म्हणजे बघा, बायकोच्या कुत्रीला रुमालानं फास लावून टांगणारा माणूस हा प्रेमातला आदर्श! (कुत्रीचं नाव फॅनी. नेली डीननं वेळेवर सोडवली म्हणून वाचली. आणि हे घडतं कधी, तर तो त्या मुलीला पळवून नेत असतो त्याच रात्री.)

आता दुसरी बाजू. गेल्या काही वर्षांत वाचकांची एक नवी फळी आली आहे. यांना हीथक्लिफ अजिबात आवडत नाही. कॅथरीन आवडत नाही, हिंडली नाही, लिंटन तर नाहीच नाही. "एकही माणूस धड नाही, विषारी नाती नुसती, शंभर पानांत सोडलं." मला या लोकांबद्दल जास्त आपुलकी आहे, कारण त्यांना दिसतं ते खरंच तिथे आहे. मारहाण आहे, कोंडून ठेवणं आहे, पोरांचा छळ आहे. फक्त ते पाहून पुस्तक मिटायचं का, यावर माझं त्यांच्याशी भांडण आहे. महाभारतात धड माणूस कोण आहे हो? आपण वाचतोच ना?

गंमत अशी, की दोन्ही फळ्या एकाच गृहीतावर उभ्या आहेत. लेखिकेनं हीथक्लिफला नायक म्हणून पुढे केला आहे, आणि आपण फक्त होय की नाही ते सांगायचं. हे गृहीतच चूक आहे. हीथक्लिफला प्रणयकथेचा नायक समजणारी पहिली वाचक पुस्तकाच्या आतच बसली आहे. तिचं नाव इझाबेला लिंटन. चांगल्या घरची, अठरा वर्षांची, लाडात वाढलेली. हा काळासावळा, गूढ, तीन वर्षं गायब होऊन पैसेवाला होऊन परतलेला माणूस तिला दिसतो आणि ती आपल्या मनातलं चित्र त्याच्यावर डकवते. कॅथरीन तिला स्पष्ट शब्दांत सावध करते. ऐकत नाही. आणि लग्नानंतर खुद्द हीथक्लिफ, तिच्या तोंडावर, नेलीच्या देखत, तिची थट्टा करतो की या बयेनं मला कादंबरीतला नायक समजून घर सोडलं. चौदाव्या प्रकरणात आहे, काढून बघा. लेखिकेनं याहून स्पष्ट काय सांगायचं? १८४७ सालच्या डिसेंबरात 'एलिस बेल' या टोपणनावानं पुस्तक छापताना एमिली ब्राँटेला आपल्या पुस्तकाचे चाहते कसे असणार हे माहीत होतं की काय कोण जाणे! पण इझाबेलाचं काय होतं ते तिनं लिहून ठेवलंय, आणि चाहते ते ओलांडून पुढे जातात.

बरं, "प्रेम" बाजूला ठेवून पुस्तकात प्रत्यक्ष चाललंय काय ते पाहू. मला विचाराल तर सरळसरळ भाऊबंदकी चालली आहे. जमिनीची. सात-बाऱ्यावर नाव लावण्याची. सी. पी. सँगर नावाच्या कायदा जाणणाऱ्या गृहस्थांनी १९२६ साली या कादंबरीवर एक छोटा निबंध छापला. त्यांनी दोन्ही घराण्यांची वंशावळ मांडली, घटनांच्या तारखा जुळवल्या आणि मालमत्तेचा कायदा तपासला. पोरीबाळींची वादळी स्वप्नकथा म्हणून ज्याकडे पाहिलं जायचं, त्या पुस्तकातली हस्तांतरणं त्या काळच्या कायद्याला धरून, बारकाईनं रचलेली आहेत असं त्यांनी दाखवून दिलं.

क्रम असा. हिंडली अर्नशॉ बायको गेल्यावर दारू आणि जुगारात बुडतो. हीथक्लिफ त्याला पत्त्यांसाठी पैसे पुरवत जातो आणि जमीन गहाण घेत जातो. हिंडली मरतो तेव्हा वुदरिंग हाइट्स हीथक्लिफच्या ताब्यात. झालं एक घर. दुसरं घर, थ्रशक्रॉस ग्रेंज, थोडं अवघड आहे. म्हाताऱ्या लिंटनसाहेबांनी अशी व्यवस्था करून ठेवलेली, की मुलाला मुलगा झाला नाही तर जमीन नातीकडे न जाता मुलीच्या वंशाकडे जावी. एडगरला मुलगी, धाकटी कॅथी. इझाबेलाला मुलगा, आणि त्याचा बाप हीथक्लिफ. म्हणजे जमीन त्या आजारी पोराकडे येणारच. पण जंगम मालमत्ता एडगर मुलीला देऊ शकतो. मग हीथक्लिफ काय करतो? मुलीला घरात कोंडतो, थोबाडीत मारतो, बाप मरणपंथाला लागलेला असताना तिचं आपल्या पोराशी लग्न लावतो. बायकोचं जंगम ते नवऱ्याचं, असा तेव्हा इंग्लंडचा कायदाच होता. तो नीट बदलला १८८२ साली, म्हणजे हे पुस्तक आल्यानंतर पस्तीस वर्षांनी. एडगर शेवटच्या क्षणी मृत्युपत्र बदलून मुलीचा वाटा विश्वस्तांच्या हाती द्यायला बघतो, तर वकील वेळेवर येत नाही. वकील फितलेला असतो. लग्नानंतर थोड्याच दिवसांत पोरगं मरतं, मरण्याआधी सगळं जंगम बापाच्या नावे करून. जमिनीवरही हीथक्लिफ हक्क सांगून बसतो आणि सतरा-अठरा वर्षांची विधवा सून त्याच्याविरुद्ध कोर्टात जाणार कुठल्या पैशानं?

हे वाचताना मराठी वाचकाला काही नवल वाटू नये. आपल्याकडे घराघरात एक तरी काका असतो ज्यानं कुणाची तरी सही घेतलेली असते, आणि एक तरी आत्या असते जिनं 'भावाशी कशाला वाकडं' म्हणून हक्कसोडपत्र करून दिलेलं असतं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हिस्सा महाराष्ट्रात कायद्यानं मिळाला १९९४ साली, देशभर २००५ साली. या बाबतीत आपण यॉर्कशरच्या माळरानाला परके नाही. पण आपल्याकडेही या कादंबरीची ओळख बहुतेकांना होते ती एम.ए. इंग्रजीच्या नोट्समधून, नाहीतर दिलीपकुमारच्या 'दिल दिया दर्द लिया'मधून (१९६६), आणि दोन्हीकडे प्रेमाचाच घोष.

कॅथरीनचं ते प्रसिद्ध भाषण, आपण आणि तो वेगळे नाहीच असं सांगणारं, त्यात खरंच अंगावर काटा आणण्याची ताकद आहे. मी नाकारत नाही. पण ते ती कुठे करते? स्वयंपाकघरात, एडगरला होकार देऊन आल्यावर. आणि त्याच दमात ती हेही सांगते, की एडगरच्या पैशानं मी हीथक्लिफला वर आणीन. नेली तिथल्या तिथे ऐकवते की लग्नाची आतापर्यंत सांगितलेली सगळ्यांत वाईट सबब हीच. भाषण तेवढं सगळ्यांना पाठ, नेलीचं उत्तर मात्र कुणाला आठवत नाही.

चित्रपटांनी तर कहर केला आहे. विल्यम वायलरच्या १९३९च्या चित्रपटात दुसरी पिढी नाहीच. कॅथी, लिंटन, हेअरटन सगळे कापले आणि शेवटी दोन भुतं हातात हात घालून बर्फातून चालती केली. (जाता जाता: त्यातली कॅथरीन झालेली मर्ल ओबेरॉन जन्मली मुंबईत, १९११ साली. आपलं मूळ तिनं आयुष्यभर लपवलं, जन्म टास्मानियातला सांगत राहिली. कादंबरीत लिव्हरपूलच्या रस्त्यावरून उचलून आणलेल्या सावळ्या पोराकडे बघून म्हातारा लिंटन जे तर्क करतो त्यात 'लास्कर' हाही एक, म्हणजे आपल्या बाजूचा जहाजावरचा खलाशी. चित्रपटात तो पोरगा झाला गोरापान लॉरेन्स ऑलिव्हिए, आणि मुंबईची मुलगी गोरी म्हणून मिरवली.)

यात एवढं चिडण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. सांगतो. आपल्या वर्तमानपत्रात एक ठरलेली शब्दरचना आहे: 'एकतर्फी प्रेमातून'. पुढे हल्ला, खून किंवा ॲसिड. हा शब्द कुणी अडाणी माणूस लिहीत नाही, शिकलासवरला उपसंपादक लिहितो आणि शिकलेसवरलेले आपण तो चहाबरोबर वाचतो. मुलीनं नाही म्हटलं, त्यानं तिला मारलं, आणि कारणाच्या जागी आपण प्रेम लिहितो. हीथक्लिफच्या अठरा प्रकरणांच्या सूडाला 'कॅथरीनवरचं अथांग प्रेम' म्हणणारा वाचक नेमकं हेच करत असतो. हिंडलीच्या पोराला त्यानं मुद्दाम निरक्षर ठेवलं, ते प्रेमापोटी? स्वतःच्या मरणाऱ्या मुलासाठी डॉक्टर बोलावला नाही, तो कशापोटी? पुस्तकामुळे कुणी गुन्हेगार होतो असलं बावळट विधान मी करत नाहीये. पुस्तक बिचारं उलटच सांगतंय.

हेअरटनबद्दल कुणीच का बोलत नाही याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं. हिंडलीचा मुलगा. खरं तर वुदरिंग हाइट्सचा वारस. त्याच्याच नावाच्या कुणा पूर्वजाचं नाव दारावर कोरलंय, १५०० या सालासकट. आणि स्वतःच्याच घरात तो बिनपगारी गडी. एकदा कॅथी येते तेव्हा तो मोठ्या अभिमानानं तिला दारावरचं नाव वाचून दाखवतो. अक्षर अक्षर जुळवत. ती विचारते, आणि आकडे? आकडे अजून येत नाहीत. ती हसते. त्या एका हसण्याचं पुढे किती होतं बघा. चोरून जमवलेली पुस्तकं, त्यावरून पुन्हा झालेली चेष्टा, आणि मग त्यानं ती सगळी पुस्तकं विस्तवात टाकणं. मला या कादंबरीतला सगळ्यात असह्य प्रसंग हा वाटतो. भूतबीत काही नाही त्यात.

मग बत्तिसाव्या प्रकरणात ती एक सुंदरसं पुस्तक पांढऱ्या कागदात गुंडाळून, फीत बांधून, नेलीच्या हाती त्याला पाठवते. घेतलंस तर वाचायला शिकवीन, नाही घेतलंस तर पुन्हा त्रास देणार नाही. तो नाहीही म्हणत नाही. पुस्तक गुडघ्यावर पडून राहतं. यानंतरची त्यांची शिकवणी, चुकला की चापट, बरोबर आलं की बक्षीस, हा या पुस्तकातला प्रणय आहे. दोन मुलं, ज्यांना त्यांच्या थोरल्यांनी सूडाचं हत्यार म्हणून वाढवलं, ती एकमेकांना अक्षरं शिकवतात आणि हीथक्लिफची सगळी इस्टेट, सगळं गणित निकामी होतं. तो स्वतः कबूल करतो की आता पाडायला हात उचलवत नाही. हे सोडून तुम्ही भुतांमागे धावणार?

टीका नवीन नाहीच म्हणा. एका अमेरिकी समीक्षकानं १८४८ साली असा प्रश्न विचारला होता की हे लिहिणाऱ्यानं डझनभर प्रकरणं होण्याआधी जीव कसा दिला नाही. शार्लटनं १८५० साली बहिणीच्या पश्चात नवी आवृत्ती काढली, तिच्या प्रस्तावनेतही निम्मा सूर सारवासारवीचा आहे. हीथक्लिफसारखी माणसं निर्माण करावीत का, याबद्दल तिलाच शंका. एमिलीनं स्वतः उत्तर दिल्याचं दिसत नाही. १९ डिसेंबर १८४८ ला, तिसाव्या वर्षी ती गेली. तिच्या लिहिण्याच्या पेटीत पाच परीक्षणांची कात्रणं सापडली. वाचली होती तिनं मतं.

असो. ज्यांना पुस्तक शंभर पानांत सोडायचंच आहे त्यांनी खुशाल सोडावं, पण निदान तेराव्या प्रकरणातलं इझाबेलाचं पत्र वाचून मग सोडावं. नव्या नवरीनं सासरच्या पहिल्या रात्रीबद्दल लिहिलेलं. निजायला खोली नाही, खायला स्वतः शिजवलेली लापशी, आणि हा नवरा माणूस आहे, वेडा आहे की सैतान, हा प्रश्न. पत्र नेलीला आहे. भावाला आधी चिठ्ठी पाठवली होती, त्यानं उत्तर दिलं नाही. इतक्या वर्षांनी लॉकवुडला गोष्ट सांगताना नेली ते पत्र आठवून सांगत नाही, काढून वाचून दाखवते. जपून ठेवलं होतं तिनं.