सांध्याचा हिशेब कोण ठेवणार?

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची पालखी निघते आणि सुमारे २५० किलोमीटर चालून पंढरीस पोहोचते. एक पाऊल दोन फुटांचे धरले, तरी वारकऱ्याची चार लाखांवर पावले पडतात. म्हणजे प्रत्येक पायावर दोन लाखांहून अधिक वेळा देहाचा भार येतो. जिवंत हाडात सूक्ष्म तडे पडतात, तसे ते भरूनही निघतात. शस्त्रक्रियेने बसविलेल्या कोबाल्ट-क्रोमियमच्या वा टायटॅनियमच्या सांध्याला ही देणगी नाही. एका दणक्याने न मोडणारा धातू त्याहून कमी भार लक्षावधी वेळा पेलताना तडकू शकतो. अभियंते यालाच धातूचा थकवा म्हणतात. शिवाय सांध्यातील प्लास्टिकचे अस्तर झिजते, त्याच्या कणांनी भोवतालचे हाड क्षीण होते व सांधा सैल पडतो.

हे शास्त्र चाकण-पिंपरीच्या कामगाराला परके नाही. वाहनाचा आस किंवा स्प्रिंग वारंवार भार देऊन तपासल्याशिवाय कोणी स्वीकारीत नाही. कृत्रिम सांध्यांसाठीही अशा चाचण्यांची आंतरराष्ट्रीय मानके आहेत. परंतु मानवी देहात वर्षानुवर्षे काय घडते, याचे पूर्ण उत्तर प्रयोगशाळा देऊ शकत नाही. ते रुग्णांच्या नोंदींतूनच मिळते.

एएसआर या खुब्याच्या सांध्याचे उदाहरण बोलके आहे. धातूवर धातू घासून सुटणाऱ्या कणांमुळे अनेकांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीत हा दोष आधी दिसला व तेथील बाजारातून तो २००९ साली काढून घेतला गेला. जगभरातून तो परत घेण्यास २०१० उजाडले. भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसविले गेले होते. त्यांतील बहुसंख्य रुग्णांचा माग लागला नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतीवर मर्यादा घातली. मध्यमवर्गीय कुटुंबांना त्याचा मोठा दिलासा मिळाला. पण स्वस्त सांधा किती वर्षे टिकला, हे कोण सांगणार? स्वीडनने गुडघ्यांची राष्ट्रीय नोंद १९७५ सालीच सुरू केली. आपल्याकडे शल्यविशारदांच्या संघटनेची नोंदवही आहे, पण तीत माहिती देणे ऐच्छिक आहे. ते बंधनकारक झाले पाहिजे. डॉक्टरांवरील कामाचा बोजा वाढेल, हा आक्षेप खरा. परंतु दुसऱ्यांदा चिरल्या जाणाऱ्या गुडघ्याचा बोजा त्याहून जड आहे. स्वदेशी उत्पादकांनाही अशी नोंद उपकारकच ठरेल. कारण परदेशी नावाचा दबदबा जाहिरातीने नव्हे, टिकाऊपणाच्या आकड्यांनीच मोडता येतो.

कायदा होईल तेव्हा होवो. आपल्या घरातील ज्येष्ठांच्या सांध्याची कंपनी, प्रकार आणि क्रमांक लिहिलेली चिठ्ठी रुग्णालयातून आठवणीने मागून घ्यावी व जपून ठेवावी. वारीत आरोग्यसेवा करणाऱ्या कार्यकर्त्यांनीही हे गावोगावी सांगावे. उद्या एखादा सांधा सदोष ठरलाच, तर त्या माणसापर्यंत पोहोचण्याची वाट तरी मोकळी राहील.